आर्क्टिका वर्गाची अणुजहाजं : बर्फातली न थांबणारी ड्युटी

उत्तरायण

17 ऑगस्ट 1977 रोजी ‘आर्क्टिका’ हे सोव्हिएत जहाज कप्तान युरी कुचिएव यांच्या नेतृत्वाखाली उत्तर ध्रुवावर पोचलं. बर्फाखालून पाणबुड्या त्याआधी तिथे जाऊन आल्या होत्या, विमानं उतरली होती, कुत्र्यांच्या गाड्याही पोचल्या होत्या. पण समुद्राच्या पृष्ठभागावरून बर्फ फोडत ध्रुव गाठणारं हे पहिलंच जहाज. मुर्मान्स्क सोडल्यापासून साधारण आठवडाभरात त्यांनी मोहीम फत्ते केली.

ह्या जहाजांचं नाव निघालं की गप्पा ध्रुवापाशीच अडकतात, हे मला नेहमी खटकतं. ध्रुवाची फेरी एका उन्हाळ्यातली. हेच जहाज पुढे 2008 पर्यंत कामावर होतं आणि त्यातला बहुतेक काळ काळोखात, उणे तीस-चाळीस तापमानात मालवाहू जहाजांना वाट करून देण्यात गेला. मला लिहायचंय ते त्या कामाबद्दल.

नकाशा समोर ठेवा. नोवाया झेमल्याजवळच्या कारा सामुद्रधुनीपासून थेट बेरिंगच्या सामुद्रधुनीपर्यंत सुमारे 5,600 किलोमीटरचा उत्तर सागरी मार्ग. ओब, येनिसेई, लेना ह्या सगळ्या नद्या उत्तरेला वाहत जाऊन ह्याच बर्फात रिकाम्या होतात. येनिसेईच्या काठी दुदिंका बंदर आणि तिथून आत नॉरिल्स्क. जगातल्या निकेलच्या मोठ्या साठ्यांपैकी एक तिथे आहे, पण उरलेल्या रशियाशी नॉरिल्स्कला जोडणारी रेल्वे नाही आणि रस्ताही नाही. दुदिंकापर्यंत एक छोटी रेल्वे आहे, पुढे फक्त जहाज. हिवाळ्यात ते जहाज बंद पडलं की धातू अडकला आणि शहराचा अवजड मालही अडकला. 1970 च्या दशकाच्या शेवटी दुदिंकाची वाहतूक बारमाही झाली ती ह्या अणुजहाजांच्या जोरावर.

सुरुवात ‘लेनिन’पासून झाली. 1957 साली लेनिनग्राडला जलावतरण, 1959 च्या डिसेंबरात सेवेत. अणुशक्तीवर चालणारं जगातलं पहिलं पाण्यावरचं जहाज. त्याच्या यशापयशातून शिकत पुढचा वर्ग आखला गेला, तोच आर्क्टिका वर्ग. एकूण सहा जहाजं, सगळी लेनिनग्राडच्या (नंतरच्या सेंट पीटर्सबर्गच्या) बाल्टिक गोदीत बांधलेली : आर्क्टिका (1975), सिबिर (1977), रोसिया (1985), सोव्हेत्स्की सोयूझ (1989), यामाल (1992) आणि 50 लेत पोबेदी (2007).

शेवटच्याची कहाणी ऐकण्यासारखी आहे. 1989 मध्ये त्याचा कणा टाकला गेला. पुढे सोव्हिएत संघच उरला नाही, पैसे आटले आणि अर्धवट जहाज गोदीत वर्षानुवर्षं पडून राहिलं. दुसऱ्या महायुद्धातल्या विजयाला 50 वर्षं झाली म्हणून 1995 च्या हिशोबानं दिलेलं नाव, आणि जहाज सेवेत आलं 2007 साली. तोवर दोन पिढ्यांच्या कारागिरांचे हात त्याला लागले असतील. त्याची नाळ (जहाजाचं पुढचं टोक) मात्र नव्या पद्धतीची, चमच्यासारखी गोलसर घडवली गेली आणि ती बर्फात जास्त सरस ठरली.

आकडे थोडक्यात. लांबी सुमारे 148 मीटर (शेवटचं जवळपास 160), रुंदी 30 मीटर, पाण्याखाली 11 मीटर, विस्थापन 23,000 टनांच्या आसपास. पोटात ओके-900ए जातीच्या दोन अणुभट्ट्या, प्रत्येकी 171 मेगावॅट औष्णिक क्षमतेच्या. शाफ्टवर मिळणारी ताकद सुमारे 75,000 अश्वशक्ती. बर्फाशी गाठ पडते त्या पट्ट्यात पोलादी पत्रा 48 मिलिमीटर जाड, इतरत्र त्याच्या निम्मा.

बर्फ फोडणं म्हणजे धडक मारणं असं वाटतं, पण नेहमीचं काम तसं होत नाही. नाळ पुढच्या बाजूला तिरकी असते. जहाज बर्फावर चढतं आणि वजनानं थर खाली मोडतो. फुटलेले तुकडे बाजूला जावेत म्हणून पाण्याखालच्या भोकांमधून हवेचा मारा करतात. बुडबुड्यांमुळे बर्फ आणि पत्रा यांच्यातलं घर्षण कमी होतं. थर फारच जाड असला तर मागे यायचं, वेग घ्यायचा, पुन्हा चढायचं. असं तासन् तास चालतं. अडीच मीटरच्या आसपास जाडीचा थर ही जहाजं न थांबता पार करतात.

मालवाहू जहाज अगदीच असहाय असेल तर तेही बघण्यासारखं असतं. अणुजहाजाच्या मागच्या टोकाला एक मोठी खाच असते. मागच्या जहाजाची नाळ दोरखंडांनी ओढून त्या खाचेत घट्ट बसवतात आणि मग दोन्ही जहाजं एकाच अंगासारखी पुढे सरकतात. कारण दाब असलेल्या बर्फात फोडलेली वाट मागून दुधावरच्या सायीसारखी पुन्हा धरते, दोनशे मीटर मागे राहिलं तरी जहाज अडकतं.

जाणकारांनी भर घालावी. मी इथे रेटिंगसाठी नाही, चर्चेसाठी आहे.

---

सई

लेख छान, माहितीपूर्ण. एक प्रश्न : एवढ्यासाठी अणुभट्टीच का? डिझेलवर चालणारी बर्फफोडी जहाजंही आहेत ना? फिनलंड, स्वीडन, कॅनडा सगळ्यांकडे आहेत.

---

वीजतंत्री

सईताई, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. उत्तर गणितातून मिळतं, करून बघू.

75,000 अश्वशक्ती म्हणजे सुमारे 55,000 किलोवॅट. चांगल्या सागरी डिझेल इंजिनाला एका किलोवॅट-तासाला साधारण 200 ग्रॅम तेल लागतं. पूर्ण ताकदीनं चोवीस तास चालवलं तर 55,000 × 24 × 200 ग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारे 264 टन तेल. महिन्याला जवळपास 8,000 टन. 23,000 टनांच्या जहाजात एक तृतीयांश वजन फक्त एका महिन्याच्या तेलाचं!

साधं मालवाहू जहाज उघड्या समुद्रात एका ठरावीक ताकदीवर जातं आणि बंदर गाठतं. बर्फफोड्याला मात्र कमी ताकदीवर भागत नाही, आणि त्याचं काम बंदरापासून दूर, जिथे तेल भरायची सोय नाही अशा जागी चालतं. त्यात तेल जळत गेलं की जहाज हलकं होतं, वर उचललं जातं, आणि बर्फ मोडायला तर वजनच लागतं. डिझेलवाल्यांना मग रिकाम्या टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरून वजन राखावं लागतं.

अणुभट्टीत हेच काम दिवसाला काही शे ग्रॅम युरेनियम-235 करतं. एकदा इंधन भरलं की काही वर्षं बघायला नको.

बाल्टिकमध्ये डिझेल पुरतं, कारण बर्फ पातळ आणि बंदर दोन दिवसांवर. लाप्तेव्ह समुद्रात, जानेवारीत, दोन हजार किलोमीटरवर? तिथे अणुशक्तीला खरंच पर्याय नव्हता असं माझं ठाम मत आहे.

अजून एक. ह्या जहाजांमध्ये टर्बाइन सरळ जहाज ढकलणाऱ्या पंख्याला जोडलेलं नाही. वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइन जनित्र, जनित्राची वीज मोटरला आणि मोटर पंख्याला. मधे विजेचा टप्पा का? पंख्याच्या पात्यात बर्फाचा मोठा तुकडा अडकला की पंखा जागच्या जागी थबकतो. टर्बाइन थेट जोडलेलं असतं तर तो झटका गिअरमध्ये गेला असता. मोटर कमी फेऱ्यांना, अगदी थांबल्या अवस्थेतही, पूर्ण जोर देऊ शकते. आपल्या लोकलच्या मोटरकोचमध्ये मोटरला हेच काम असतं.

आणि पातं तुटलंच तर? एका पात्याचं वजन सात टन. सुटी पाती आणि पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांचं साहित्य जहाजावरच असतं, भर समुद्रात बदलता यावं म्हणून.

---

मंदार_के

+1. गणित फार आवडलं. न थांबता किती काळ राहू शकतं ह्याचा पुरावा पण आहे : ‘आर्क्टिका’ 1999 ते 2000 मध्ये अख्खं वर्ष बंदरात न परतता कामावर होतं. माणसं आणि रसद बदलत राहिली, भट्टी चालूच.

---

दुसरा_इंजिनियर

मी मर्चंट नेव्हीत आहे. अणुजहाजावर कधी नव्हतो, पण हिवाळ्यात फिनलंडच्या आखातात बर्फफोड्याच्या मागे ताफ्यात जायचा प्रसंग आलाय, त्यामुळे इंजिनरूममधून काय दिसतं ते सांगतो. वर ब्रिजवरचं दृश्य सगळे लिहितात.

खाली पहिल्यांदा जाणवतो तो आवाज. बर्फाचे तुकडे पत्र्यावर घासत जातात तेव्हा खरखर नाही, सरळ गडगडाट होतो आणि तो थांबत नाही. बोलायला ओरडावं लागतं. झोप अशी लागतच नाही.

पण खरी चिंता असते ती सी-चेस्टची. इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी जिथून आत घेतो ती पेटी. बर्फाचा रवाळ चिखल तिच्या जाळीत बसला की पाणी येणं बंद. बाहेर पाणी गोठायच्या बेताला, आणि इंजिन तापून अलार्म वाजतोय, अशी विचित्र परिस्थिती. मग गरम झालेलं पाणी समुद्रात न सोडता परत सी-चेस्टकडे वळवायचं, बर्फ वितळवायचा, नाहीतर बॅलास्ट टाकीतलं (वजन राखायला भरलेलं) पाणी फिरवून तात्पुरतं गार ठेवायचं. वॉचवर दोघं असतील तर एक जण तापमानाच्या काट्यावरून नजर हलवत नाही.

आमचं बर्फ गुडघ्याएवढं होतं. हे लोक अडीच मीटरमध्ये अणुभट्टीचे कंडेन्सर गार ठेवत चालतात. त्या इंजिनरूममधल्या माणसांबद्दल मला प्रचंड आदर आहे.

---

वास्कोकर

नमस्कार. मी गोव्याचा, आमच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम 1981 च्या डिसेंबरात डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहूनच निघाली, ‘पोलर सर्कल’ ह्या भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजातून. आजही आपण मोहिमांसाठी बर्फात चालणारी जहाजं भाड्यानं घेतो, डिझेलवरची. लहानपणापासून ह्या गोष्टी घरात ऐकल्यात म्हणून विचारतो : रशियाची ही एवढी ताकदवान जहाजं अंटार्क्टिकाला का जात नाहीत? तिथे तर बर्फच बर्फ.

---

उत्तरायण

वास्कोकर, ह्याचं उत्तर दुसरा_इंजिनियर यांनी अर्धं देऊनच ठेवलंय. आर्क्टिका वर्गाची थंडाव्याची सगळी व्यवस्था गोठणबिंदूच्या आसपासच्या पाण्याच्या हिशोबानं आखलेली आहे. दक्षिण गोलार्धात जायचं तर उष्ण कटिबंध ओलांडावा लागतो, आणि तिथल्या पंचवीस-तीस अंशांच्या पाण्यात ही जहाजं चालवता येत नाहीत. म्हणजे आपल्या मुरगाव बंदरात यामाल कधीच दिसणार नाही.

अपवाद आहे तो ‘सेवमोरपूत’चा. 1988 सालचं हे अणुशक्तीवर चालणारं मालवाहू जहाज, बर्फफोडं नव्हे, आणि ते उष्ण समुद्रांत चालतं. 2020 मध्ये अंटार्क्टिकावरच्या रशियन व्होस्तोक तळाचं सामान घेऊन ते निघालं होतं. अंगोलाच्या किनाऱ्याजवळ पंख्यात बिघाड झाला आणि अर्ध्यातून परतावं लागलं.

त्याच जहाजाची आधीची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. चेर्नोबिलनंतरचा काळ. 1989 च्या सुरुवातीला ते पूर्वेकडे पोचलं तर व्लादिवोस्तोकसकट तिकडच्या बंदरांनी त्याला आत घ्यायला नकार दिला. गोदी कामगारच तयार होईनात. म्हणजे सोव्हिएत जहाजाला सोव्हिएत बंदरात जागा नाही. अणुजहाज बांधणं एक, आणि लोकांनी त्याला आपल्या दारात उभं राहू देणं दुसरं.

---

सई

मला नेमकं ह्यावरच बोलायचं होतं. वर ‘यशापयशातून शिकत’ असं एका वाक्यात ‘लेनिन’ला पुढे ढकललंत. त्यातलं अपयश नीट लिहायला हवं.

1965 मध्ये ‘लेनिन’वर इंधन बदलताना एका भट्टीतलं थंडाव्याचं पाणी इंधन बाहेर काढायच्या आधीच काढलं गेलं आणि इंधनाचा गाभा खराब झाला. 1967 मध्ये पुन्हा गळती. शेवटी तिन्ही भट्ट्यांसकट अख्खा भाग जहाजातून कापून काढला आणि नोवाया झेमल्याच्या त्सिवोल्की उपसागरात बुडवला. खराब इंधनाचा काही भागही वेगळ्या पेटाऱ्यात भरून तिथेच टाकला. जहाजात नव्या दोन भट्ट्या बसवल्या आणि 1970 पासून ते पुन्हा सुरू झालं, 1989 पर्यंत चाललं. जहाज दुरुस्त झालं. समुद्राच्या तळाशी जे ठेवलं ते तिथेच आहे.

आणि ‘लेप्से’? ‘लेनिन’चं खराब झालेलं इंधन पोटात घेऊन हे जुनं जहाज मुर्मान्स्कच्या लोकवस्तीपासून काही किलोमीटरवर कित्येक दशकं उभं होतं. 2012 मध्ये ते नेर्पा गोदीत हलवलं, आणि इंधन बाहेर काढायला त्यानंतरही काही वर्षं लागली, तीही युरोपीय देशांच्या पैशांची मदत घेऊन.

2011 मध्ये तर ‘तैमिर’ ह्या अणुजहाजाला भट्टीच्या थंडाव्याच्या यंत्रणेत गळती झाल्यामुळे काम सोडून मुर्मान्स्कला परतावं लागलं होतं. त्याच वर्षी ‘वायगाच’ ह्या दुसऱ्या अणुजहाजावर आग लागून दोन माणसं गेली. भट्टीपर्यंत आग पोचली नाही, पण माणसं गेली.

गणितात तेल 264 टन आणि युरेनियम काही शे ग्रॅम, हे मान्य. त्या ग्रॅमांचं पुढे काय होतं तेही त्याच गणितात धरा, एवढंच म्हणणं.

---

वीजतंत्री

सईताईंशी पूर्ण सहमत. हा प्रतिसाद मूळ लेखात असावा इतका महत्त्वाचा आहे. जहाज तीस-चाळीस वर्षं चालतं आणि त्याच्या वापरलेल्या इंधनाची राखण त्याहून कितीतरी लांबते. ही राखण किनाऱ्यावर करावी लागते, आणि ती करणारी गोदी, गोदामं, वाहतूक, प्रशिक्षित माणसं हे सगळं जहाजाच्या आधी उभं राहायला हवं होतं. सोव्हिएत काळात जहाजं आधी आली.

तांत्रिक बाजूनं सुधारणा मात्र झाली. सध्याच्या प्रकल्प 22220 च्या जहाजांमध्ये रितम-200 भट्ट्या आहेत. त्यांत वाफेची जनित्रं भट्टीच्या पात्रातच बसवलेली आहेत. बाहेरच्या मोठ्या नळ्या कमी, त्यामुळे गळतीच्या जागाही कमी. आणि त्यांचं युरेनियम 20 टक्क्यांच्या आत समृद्ध केलेलं असतं, जुन्या भट्ट्यांमध्ये ते प्रमाण बरंच जास्त होतं.

---

मंदार_के

22220 चा विषय निघालाच आहे तर : नवी ‘आर्क्टिका’ 2020 च्या ऑक्टोबरात सेवेत आली, नंतर ‘सिबिर’ आणि ‘उराल’, मग ‘याकुतिया’. पहिली दोन नावं जुनीच, पुन्हा वापरली आहेत. लांबी 173 मीटर, रुंदी 34. ह्यांची युक्ती अशी की बॅलास्टचं पाणी कमी-जास्त करून हे जहाज साडेदहा मीटरवरून साडेआठ मीटरच्या आसपास वर उचलता येतं. म्हणजे खोल समुद्र आणि नदीचं उथळ मुख, दोन्हीकडे तेच. आधी नद्यांसाठी ‘तैमिर’ आणि ‘वायगाच’ ही वेगळी जहाजं ठेवावी लागत. त्यांचे सांगाडे हेलसिंकीत बांधले आणि भट्ट्या लेनिनग्राडला बसवल्या.

---

गलबत

लेख आणि प्रतिसाद दोन्ही मस्त. माझी शंका : आर्क्टिकमधला बर्फ तर वितळत चाललाय. मग रशिया अजून नवीन जहाजं का बांधतोय? थोड्या वर्षांत गरजच संपेल ना?

---

उत्तरायण

गलबत, उन्हाळ्यातला बर्फ कमी झालाय हे खरं. हिवाळ्यात समुद्र अजूनही गोठतोच, आणि कधी गोठेल ह्याचा अंदाज उलट अवघड झालाय. नोव्हेंबर 2021 मध्ये पूर्व सायबेरियन समुद्र लवकर गोठला. आधीची काही वर्षं सौम्य गेली होती, त्या भरवशावर निघालेली वीसेक जहाजं अडकली आणि अणुजहाजांना सुटकेला धाडावं लागलं.

ह्याहून भयंकर प्रसंग 1983 च्या शरद ऋतूत आला होता. रशियाच्या ईशान्य टोकाला चुकोत्काच्या किनाऱ्याला वाऱ्यानं जुना, अनेक वर्षांचा बर्फ रेटत आणला आणि पन्नासेक जहाजं त्यात सापडली. ‘नीना सागाइदाक’ हे मालवाहू जहाज बर्फाच्या दाबानं चेपलं जाऊन बुडालं. माणसं वाचली. सुटकेला गेलेल्यांत ‘लेनिन’ होतं आणि ‘आर्क्टिका’ही होतं, तेव्हा त्याचं नाव बदलून ‘लिओनिद ब्रेझनेव्ह’ केलेलं. मला ह्या वर्गाचा सर्वांत मोठा पराक्रम विचारला तर मी 1977 च्या आधी 1983 सांगेन.

शिवाय बर्फ कमी झाला की रहदारी वाढते. यामाल द्वीपकल्पातल्या साबेत्ताहून द्रवरूप वायूची जहाजं बारमाही निघतात. 2023 मध्ये ह्या मार्गानं 3 कोटी 60 लाख टनांहून जास्त माल गेला. सोव्हिएत काळातल्या सर्वोत्तम वर्षाच्या कितीतरी पट. त्यामुळे बर्फफोड्यांचं काम वाढलंच आहे. हा सगळा माल मुख्यतः तेल आणि वायू आहे, आणि तेच जाळून तो बर्फ वितळतोय, ह्याची बोच मला आहे. ती लपवून ह्या जहाजांचं कौतुक करता येणार नाही.

---

वास्कोकर

1983 बद्दल काहीच माहीत नव्हतं. धन्यवाद. शेवटचा प्रश्न, ही जहाजं सामान्य माणसाला बघता येतात का?

---

दुसरा_इंजिनियर

‘50 लेत पोबेदी’ उन्हाळ्यात मुर्मान्स्कहून पर्यटकांना उत्तर ध्रुवावर नेतं, शंभर-सव्वाशे प्रवासी. 2017 मध्ये तर त्यानं 79 तासांत ध्रुव गाठला, पहिल्या ‘आर्क्टिका’च्या बरोबर चाळीस वर्षांनी त्याच तारखेला. पण तिकीट आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे. यामालच्या नाळेवर रंगवलेला शार्कचा जबडा फोटोंत पाहिला असेलच. तो 1994 मध्ये मुलांच्या एका सफरीसाठी काढला होता, पुढे कायम ठेवला.

स्वस्तातला मार्ग म्हणजे ‘लेनिन’. 2009 पासून मुर्मान्स्कच्या प्रवासी धक्क्याला संग्रहालय म्हणून कायमचं उभं आहे. एकट्यानं फिरू देत नाहीत, मार्गदर्शकाबरोबर गटानं जावं लागतं. माझा एक सहकारी जाऊन आलाय. त्याचं म्हणणं, लाकडी जिने आणि अधिकाऱ्यांचं भोजनगृह बघण्यात सगळ्यांचा वेळ जातो, पण भट्टीच्या कक्षात डोकावायला एक खिडकी आहे आणि शेजारी यंत्रणेचा मुख्य नियंत्रण कक्ष आहे, तिथे जास्त वेळ मागून घ्या. सईताईंनी लिहिलेलं 1965 आणि 1967 चं सगळं ह्याच जहाजात घडलं. ते वाचून मग जा.